छपरापासून खाली

माझा मामा आयुष्यभर घरं पाडत आला. हे त्याच्यासमोर म्हणायची सोय नाही. "पाडतो तो वारा. आम्ही घर उतरवतो," असं तो ठणकावून सांगतो. आधी दारं-खिडक्या निघायच्या, मग छप्पर, मग भिंती वरून खाली आणि शेवटी पाया. खांदा निकामी झाला, काम सुटलं, आणि मामा दिवसभर मामीच्या पायात पायात यायला लागला. म्हणून मी लेकीचा जुना, हातात धरून खेळायचा गेम त्याला दिला. ठोकळे रचून हवं ते बांधायचं, एवढाच खेळ. म्हटलं, मामीची तरी सुटका होईल.

पुढच्या खेपेला गेले तर मामा खिडकीपाशी बसलेला, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि पडद्यावर आकाशात एक छप्पर तरंगत होतं. खाली नुसतं गवत आणि छपराची सावली.

"मामा, आधी कळस मग पाया?"

"मला घर असंच ठाऊक आहे, वरून खाली."

त्या खेळात ठोकळा हवेत सोडला तरी पडत नाही, त्यामुळे त्याचं चांगलंच फावलं होतं. मी पोट धरून हसले, पण उठवेना. छपराखाली भिंत हळूहळू उतरत होती, खेळातला सूर्य मावळत होता, पुन्हा उगवत होता, आणि बाहेरची दुपार कुठे गेली ते कळलंच नाही. मग भिंतीत कोनाडा आला, माळ्यावर जाणारा तिरका जिना आला, आणि मी घर ओळखलं. ते मामीचं माहेर होतं.

रस्ता रुंद करायचा होता तेव्हा ते घर मामानेच उतरवलं होतं. परक्याच्या घणाखाली जायला नको, म्हणून काम मागून घेतलं होतं. त्या सकाळी मामीने नेहमीसारखा डबा भरून दिला, आणि त्यानंतर माहेराचा शब्द काढला नाही. भांडण नाही, रुसवा नाही. त्यापेक्षा दोघं कडाकडा भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

"मामीला दाखवणार?" मी विचारलं.

"बघेल का ती?" मामाचा आवाज एवढासा झाला. "नाही बघितलं तर उतरवीन परत. त्याची सवय आहे."

घर जमिनीला टेकलं त्या दिवशी त्याने मला मुद्दाम बोलावून घेतलं. मोठमोठ्या इमारतींवर चढलेला माणूस, पण बायकोला एकट्याने हाक मारायची हिंमत नव्हती. मामी पदराला हात पुसत आली. उभ्या उभ्याच बघत राहिली.

"दार कुठंय?" मामी म्हणाली.

मामा बावचळला. छप्पर उतरवायला घ्यायचं तेव्हा दार आधीच निघालेलं असायचं, म्हणून त्याने तिथे नुसती मोकळी चौकट ठेवली होती.

"आमच्या घराला दार होतं. हिरवं. दुपारी कडी लावून आई झोपायची."

मामाने घाईघाईने दार शोधलं, बसवलं, लावून घेतलं. मामी त्याच्या शेजारी टेकली आणि गेम स्वतःच्या हातात घेतला.

"उघडायचं कसं?"

मामाने तिचा अंगठा धरून बटणावर ठेवला. मामीने तो तसाच राहू दिला, दाबला मात्र नाही.

"थांब जरा," ती हळूच म्हणाली. "आई झोपली असेल."