कोल्हापूर ते नृसिंहवाडी पळत: जावेला न सांगितलेली गोष्ट

कोल्हापूरहून नृसिंहवाडीला पळत जायचं, हे माझ्या डोक्यात तीन वर्षं घोळत होतं. सांगली रस्त्याने हातकणंगले, जयसिंगपूर, मग शिरोळ आणि शेवटी वाडी. पन्नास-बावन्न किलोमीटर, दोन दिवसांत सहज होण्यासारखं. गेल्या जानेवारीत शेवटी गेले. पण एकटी नाही. बरोबर माझी धाकटी जाऊ अश्विनी होती, आणि खरं सांगायचं तर तिने यावं असं मला अजिबात वाटत नव्हतं.

आम्ही राजारामपुरीत राहतो. खाली सासऱ्यांचं भांड्यांचं दुकान, वर आमचं सगळ्यांचं घर. मी त्रेचाळीस वर्षांची, क्लासमध्ये गणित शिकवते आणि सहा वर्षांपासून पळते. पहिली चार-पाच वर्षं सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "थोरली येडी झालीया, सकाळच्या पारी पळत सुटतीया." अश्विनी माझ्याहून बारा वर्षांनी लहान. दीड वर्षापूर्वी माझ्याच मागे लागून पळायला आली. तिचे पहिले बूट मी पसंत केले. सहा महिन्यांत ती माझ्या पुढे गेली. रंकाळ्यावर मी एकटी पोचले की आमच्या पळणाऱ्या ग्रुपमधले लोक आधी विचारणार, "अश्विनी कुठाय?" आणि सासूबाई तिच्यासाठी रोज सकाळी नाचणीची आंबील करून ठेवू लागल्या. एक पेला. एकच.

वाचून हसू आलं असेल तर हसा. त्या पेल्याकडे मी रोज बघत होते.

वाडीचा बेत तिला कळला तेव्हा ती उड्या मारत म्हणाली, "अक्का, मी पण येतो की! शिरोळ वाटंवरच हाय." शिरोळ तिचं माहेर. तिकडे थोरलीला अक्का म्हणतात, आणि बायकाही सर्रास 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात. तिने लगेच आईला फोन लावला. दुसऱ्या दिवशी दुपारी शिरोळात पळत येणार, गल्लीतल्या सगळ्यांना सांगून ठेव म्हणाली. माझी तीन वर्षांची वाट एका फोनमध्ये तिच्या माहेरची वाट झाली.

निघायच्या आदल्या दुपारी ती बॅग भरून मला दाखवायला आली. नवा कोरा सुती टी-शर्ट, पाठीवर 'शिरोळची लेक' असं छापून घेतलेलं. सुती लेगिंग. "आनि काय घ्यावं, अक्का?"

लांब पळणाऱ्याला या प्रश्नाचं उत्तर झोपेतही देता येतं. सुती कापड घाम पितं, जड होतं आणि मग कानशीसारखं कातडीवर घासत राहतं. मांड्यांच्या आतली बाजू, काखा, ब्राच्या पट्टीखालची रेघ, बॅगेचे पट्टे जिथे टेकतात ते खांदे, या सगळ्या जागांना निघण्याआधी पेट्रोलियम जेली लावायची. हात राखायचा नाही, आणि दर दहा-बारा किलोमीटरला पुन्हा लावायची. मांड्यांना घट्ट बसणारी, घाम न धरणारी लांब शॉर्ट्स घालायची. कपडे आधी पळून पाहिलेले हवेत, नवे नकोत. हे मी माझ्या पहिल्या एकवीस किलोमीटरच्या शर्यतीत शिकले होते. त्यानंतर चार दिवस मला नीट खुर्चीत बसता आलं नव्हतं. अश्विनीची धाव दहा-बारा किलोमीटरची. तेवढ्यात काही घासत नाही, त्यामुळे तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

"काही नको," मी म्हणाले. "पाणी भरपूर घे."

ती गेल्यावर मी जेलीची बाटली माझ्या बॅगेत तळाशी ठेवली.

पहाटे साडेपाचला निघालो. शिरोली फाट्यापर्यंत रस्ता मोकळा असतो, पण हवा इतकी गार की कान झोंबतात. फाट्यावरून उजवीकडे सांगली रस्ता. तुम्ही जाणार असाल तर एक सांगते, समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूने पळा. उसाचा हंगाम असला की ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या असतात, गाणी मोठ्याने लावलेली असतात, आणि मागची ट्रॉली वळणावर कुठे जाईल ते चालवणाऱ्यालाही सांगता येत नाही. सांडलेल्या उसावरून पाय घसरतो, तेही बघा.

हेर्ल्यापर्यंत अश्विनी माझ्याबरोबर होती. मग म्हणाली, "अक्का, जरा म्होरं जातो." आणि गेली. तिचं पळणं मागून बघत राहावं असं आहे. खांदे हलत नाहीत, पाऊल वाजत नाही. मी माझ्या गतीने पळत राहिले आणि 'शिरोळची लेक' लहान लहान होत दिसेनाशी झाली.

चोकाकला चहाच्या गाड्यावर थांबले. दहा रुपयांत कटिंग, बरोबर खारी. चहावाल्याने माझे बूट बघितले आणि आपण होऊन बोलला, "पावणं, तुमच्यातली एक म्होरं गेली की. काय पळतीया! हरणच. तुमी तिच्या कोन, आई?"

"जाऊ," मी म्हणाले आणि चहा अर्धा टाकून निघाले.

अतिग्रेच्या पुढे मला ती दिसली. पळत नव्हती. पाय फाकवून, रस्त्याच्या कडेने सावकाश चालत होती. त्या क्षणी मला जे वाटलं ते इथे लिहिलं नाही तर ही सगळी पोस्ट खोटी ठरेल. मला आनंद झाला. मोठा, स्वच्छ आनंद. मी वेग वाढवून तिला गाठलं.

"काय गं?"

"काय न्हाई. पाय भरल्यात जरा."

हातकणंगल्यापर्यंतचे चार-पाच किलोमीटर मी तिच्या पुढे पळाले. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच. मागे वळून पाहिलं नाही.

हातकणंगल्यात रस्त्यालगतच्या एका साध्या लॉजमध्ये नऊशे रुपयांत खोली मिळाली. गरम पाणी होतं, चादरी स्वच्छ होत्या, तक्रार नाही. अश्विनी अर्ध्या तासाने आली आणि सरळ आंघोळीला गेली. मी मोजे काढत होते. पाण्याचा आवाज आला आणि पाठोपाठ तिची किंकाळी.

मी दार वाजवलं. तिने कडी काढली. टॉवेल गुंडाळून ती भिंतीला धरून उभी होती. दोन्ही मांड्यांची आतली बाजू तळहाताएवढी सोलवटली होती. छातीखाली पट्टीची लाल रेघ उमटली होती आणि एका ठिकाणी रक्त आलं होतं. बादलीजवळ 'शिरोळची लेक' पडला होता, त्यावर आतून तपकिरी डाग.

माझे हात आपोआप कामाला लागले. कोमट नाही, गार पाणी हळू ओतायचं, म्हणजे घामाचं मीठ निघून जातं. साबण अगदी सौम्य. पुसायचं नाही, मऊ कापड नुसतं टेकवून टिपायचं. पावडर चुकूनही टाकायची नाही, ती जखमेत बसते. सगळं कोरडं झालं की जेलीचा पातळ थर. आणि जखम खोल असेल, पू दिसला तर डॉक्टर. तिला पलंगावर बसवलं आणि बॅगेच्या तळातून बाटली काढली.

तिने बाटलीकडे पाहिलं. अर्धी संपलेली होती.

"ही तुमच्याकडं हुती?"

"हो."

"तुमी सकाळी लावलीसा?"

"हो."

"मंजे असं हुतंय ते तुमाला ठाव हुतं."

'विसरले' म्हणता आलं असतं. तिने विश्वास ठेवला असता, तिचा स्वभाव तसाच आहे. पण त्या सोललेल्या मांड्यांसमोर माझ्या तोंडून ते निघेना.

"ठाऊक होतं. मुद्दाम नाही सांगितलं."

"का?"

"आई तुझ्यासाठी आंबील करतात म्हणून," मी म्हणाले. ते शब्द खोलीत फार क्षुद्र वाटले. "आणि सगळे तुलाच विचारतात म्हणून. आणि तू माझ्यापेक्षा चांगली पळतेस म्हणून."

"एवढ्यासाठी?" मग तिने माझ्या हातातून बाटली घेतली. "दे हिकडं. माझी मी लावतो." लग्न होऊन आल्यापासून ती मला कधी अगं-तुगं म्हणाली नव्हती.

नवऱ्याला फोन करून गाडी मागवते, असं मी तिला म्हटलं. "नगं," ती म्हणाली. "आई वाट बघत बसलीया. मी शिरोळात माझ्या पायानं जानार."

शेवटी ठरलं ते असं. तिने सकाळी एसटीने जयसिंगपूरला जायचं, मी पळत जायचं आणि तिथून दोघींनी चालत शिरोळ गाठायचं. मेडिकलमधून गॉज आणि चिकटपट्टी आणली, माझी जादाची लांब शॉर्ट्स तिला दिली. तिने घेतली. आभार मानले नाहीत, मीही तशी अपेक्षा ठेवली नव्हती.

हातकणंगले ते जयसिंगपूर हा या वाटेवरचा सगळ्यात देखणा तुकडा. दोन्हीकडे ऊस, मधे द्राक्षांचे मांडव, सकाळच्या उन्हात गुऱ्हाळाचा गोड वास. माझ्या पुढे कोणी नव्हतं. जन्मात इतकी छान पळाले नसेन. आणि सतरा किलोमीटर मी फक्त एकच गोष्ट बघत होते. मागून येणाऱ्या प्रत्येक एसटीच्या खिडक्या.

जयसिंगपूरच्या स्टँडवर ती पोहे खाऊन उभी होती. शिरोळपर्यंत सहा-सात किलोमीटर चाललो. पाणी पिण्यापुरतं आणि रस्ता ओलांडण्यापुरतं बोललो. गाव दिसायला लागल्यावर ती थांबली, बूट घट्ट बांधले आणि म्हणाली, "हितनं पळनार."

"अश्विनी, जखम उघडेल."

"उघडू दे."

शेवटचे तीन-चारशे मीटर ती पळाली. मागून मला तिचे दात आवळलेले दिसत नव्हते, तरी कळत होतं. गल्लीच्या तोंडाशी दहा-पंधरा बायका उभ्या होत्या. तिच्या आईने पुढे होऊन तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं. मग एका म्हाताऱ्या बाईने माझ्याकडे बोट केलं. "ही थोरली जाऊ न्हवं? हिनंच तुला पळाय शिकीवलं व्हय गं?"

अश्विनीने वळून माझ्याकडे पाहिलं. आता ती सांगणार, असं मला वाटलं.

"व्हय," ती म्हणाली. "हिनंच."

तिला माहेरी सोडून वाडीपर्यंतचे शेवटचे सहा-सात किलोमीटर मी एकटीनेच केले. घाटावर पाय पाण्यात सोडून बसले. देवळाबाहेर बासुंदी छान मिळते आणि कवठाची बर्फी जरूर घ्या, आंबटगोड असते, दोन दिवस टिकते. मी दोन्ही घेतलं. चव आठवत नाही. संध्याकाळी नवरा गाडी घेऊन आला, वाटेत शिरोळातून अश्विनीला घेतलं. ती मागच्या सीटवर आडवी झाली आणि हातकणंगले येण्याआधीच तिला झोप लागली.

घरी जिना चढताना सासूबाईंना तिची चाल दिसली. "अगं बया, काय झालं हे?"

मी दोन पायऱ्या खाली होते.

"कापडं चुकली माझी," अश्विनी म्हणाली. "नवी घातली न्हवं, घासली. अक्कानं लई सांभाळलं." आणि जाताना माझ्याकडे न बघता, मला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात पुटपुटली, "माफ केलंय असं समजू नगंस."

तिच्या जखमा आठवड्याभरात भरल्या. ही पोस्ट टाकण्याआधी मी तिला वाचायला दिली. सगळं खरं आहे म्हणाली, जेलीचं मात्र ठळक लिही, बायका लाजून विचारत नाहीत. आम्ही पुन्हा रंकाळ्यावर पळतो आणि ती पुन्हा माझ्या पुढे असते. त्याचा त्रास अजून होतो, खोटं कशाला सांगू. पण हल्ली मला तिच्या पायांपेक्षा जिन्यावरच्या त्या चार वाक्यांचा जास्त हेवा वाटतो. तिच्या जागी मी असते, तर चपला काढायच्या आधी सगळं सांगून मोकळी झाले असते.