सतरंजीतली बंदूक

“भरलेली आहे का ती?”

संध्याकाळची सिटी बस. वाळूजहून शहराकडं निघालेली. शिफ्ट सुटलेली, त्यामुळं पाय ठेवायला जागा नाही. तरी माझ्या शेजारची सीट रिकामी होती. माझ्या दोन गुडघ्यांच्या मध्ये खाकी खोळीतली बंदूक उभी होती म्हणून. विचारणारा पुढच्या सीटवरून वळून बघत होता. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ऑफिसचं कार्ड, मांडीवर लॅपटॉपची बॅग.

मी म्हणालो, “नाय साहेब. रिकामी हाय. बँकेत गनमॅन हाय मी. ड्युटी सुटली.”

कार्ड माझ्याही गळ्यात होतं. बंदुकीच्या परवान्याची रंगीत झेरॉक्स. लॅमिनेशन करून दोरीत ओवलेली. कुणी मागायच्या आधीच मी ती पुढं करायचो. चहाच्या टपरीवर, दवाखान्यात, रेशनच्या रांगेत. त्याच्याही पुढं केली. त्यानं ती वाचली नाही.

“रिकामी आहे हे कशावरून?”

इथं माझं चुकलं. आमच्या कामात बंदूक रिकामी आहे हे तोंडानं सांगत नाहीत. दाखवतात. वरची कळ दाबायची, बंदूक मधून मोडून उघडायची, नळीतून आरपार उजेड दिसला पाहिजे. बापानं हेच शिकवलं, सिक्युरिटी एजन्सीच्या सुपरवायझरनं हेच शिकवलं. मला वाटलं, दाखवलं की ह्या माणसाची भीती जाईल. मी खोळीची चेन काढली. तोंड खाली ठेवलं. बंदूक मोडली.

खट्ट.

एक बाई किंचाळली. मग सगळी बसच. कुणी पोराला पोटाशी धरलं, कुणी दाराकडं धावलं. मी आपला “बघा, बघा, रिकामी हाय” म्हणत नळीतला उजेड दाखवायला लागलो. नळीत कुणी बघितलं नाही. सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. दोन-चार मोबाइल वर आले.

बस थांबली. कंडक्टर गर्दीतून वाट काढत आला. “मामा, उतरा. लोक भ्यायलेत.”

“तिकीट काढलंय मी.”

“तिकीट माणसाचं हाय. उतरा म्हणलं ना.”

मी उतरायला निघालो तेव्हा तो इस्त्रीवाला बाकीच्यांना म्हणाला, “असल्या लोकांना परवाने देतं कोण?”

आणि मी काय केलं? बंदूक काखेत धरून त्याला हात जोडले. “माफ करा साहेब,” म्हणालो.

ते हात अजून आठवतात. जोडलेले.

नगर नाक्यावर उतरवलं. तिथून पुंडलिकनगर लांब. चालत निघालो. छावणीच्या फाटकावर एक जवान रायफल घेऊन उभा होता. त्यानं आधी माझी बंदूक बघितली, मग माझा हात बघितला. तोंड खाली, बोट खटक्यापासून लांब. त्यानं मान हलवली. एवढंच. त्या दिवशी शहरात माझा हात बघणारा तो एकटा.

बंदूक माझी आहे. एकनळी, बारा बोअर. त्याआधी बापाची होती. आमचं गाव किनवटकडं, जंगलाच्या काठाला. रानडुकरं एका रात्रीत जवारीचं वावर लोळवायची. बापानं कचेरीचे उंबरे झिजवले तेव्हा पीक राखायला परवाना मिळाला. आमच्या वस्तीत बंदूक असलेला तो पहिला माणूस. गावातल्या बड्या घरांत चार बंदुका होत्या. त्यांना कुणी कधी विचारलं नाही, कशाला पाहिजे. बापाला तलाठ्यापासून शिपायापर्यंत सगळ्यांनी विचारलं.

सातवीत शाळा सुटली. बापाचे डोळे गेले आणि राखणीला मी बसलो. बाप वारल्यावर परवाना वारसानं माझ्या नावावर झाला. पुढं ओळखीच्या एका सुपरवायझरनं सांगितलं, स्वतःची बंदूक असलेला माणूस एजन्सीला लागतो, शहरात ये. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही. बँकेच्या दारात स्टुलावर बसायला मिळालं. पगार महिन्याच्या महिन्याला. पण बँक माझी बंदूक ठेवून घेत नाही, ती माझ्या नावावर म्हणून. जिथं मी, तिथं ती. रोज सकाळी घेऊन जायची, रोज संध्याकाळी आणायची.

आणायची कुठं? कामावर रुजू व्हायच्या आधी हाच सवाल होता. खोली कुणी देईना. बंदूक म्हणलं की दार लागायचं. पाच दारं लागली. सहावं दार काकांचं. काका म्हणजे माझे घरमालक. सरकारी खात्यातून रिटायर झालेले, मूळ गंगापूरकडचे, तिकडं ऊस, इकडं पुंडलिकनगरात दुमजली घर. त्यांनी गाव विचारलं. मग आडनाव विचारलं. घराच्या मागच्या बाजूला बघितलं. मग म्हणाले, “वरची मागची खोली आहे. जिना मागून आहे.”

मला रडायला आलं होतं. खरंच. त्यांनी भाडेकरार करून दिला. परवान्यावर पत्ता चढवायला तोच लागतो. पत्ता नसला तर परवाना अडकतो, परवाना अडकला की नोकरी गेली. म्हणजे माझं सगळं त्या एका खोलीवर उभं होतं. काकूंनी तर मला ताप आला तेव्हा दोन दिवस खिचडी वर पाठवली. हे मी नाकारत नाही.

पत्त्याच्या चौकशीला पोलीस आला, त्या दिवसापासून एक अट आली. काका म्हणाले, “हे बघ, गल्लीत सगळी नोकरदार माणसं राहतात. लोक विचारतात मला. तू असं कर, कोपऱ्यावरच ती कशाततरी गुंडाळत जा.”

मी सतरंजी घेतली. लाल-निळ्या पट्ट्यांची. तीन वर्षं. रोज संध्याकाळी कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीआड उभं राहायचं, बंदूक सतरंजीत गुंडाळायची, प्रेत उचलल्यासारखी खांद्यावर घ्यायची, मागच्या बोळातून जिन्यानं वर जायचं. सकाळी उलटं. गल्लीतली पोरं म्हणायची, “मामा, रोज सतरंजी कुठं धुवायला नेता?” मी हसायचो.

काकांच्या दिवाणखान्यात एक मोठा फोटो होता. चंदनाचा हार घातलेला. त्यांचे आजोबा. फेटा, मिशा, खुर्चीत बसलेले, आणि गुडघ्यांच्या मध्ये उभी बंदूक. मी बसमध्ये धरतो तशीच. पाहुणे आले की काका त्या फोटोपुढं उभे राहून सांगायचे, “आमच्या आजोबांचा दरारा होता पंचक्रोशीत.” पाहुणे मान डोलवायचे. मी भाडं द्यायला दारात उभा असायचो. आपलीही बंदूक अशीच आहे, असं एकदा मनात आलं होतं. लाज वाटून ते मनातच दाबलं.

बसमधून उतरवलं त्यानंतर आठ-दहा दिवसांतली गोष्ट. काकांच्या पुतण्याचं लग्न निघालं. घरात मांडवाची, आहेराची गडबड. मी सुट्टीच्या दिवशी खुर्च्या उचलू लागलो. कुणी सांगितलं नव्हतं. उपकार फेडायची सवय. यंदा गावाकडं माझ्या पोरीची दहावी. निकाल लागला की ती आणि तिची आई इकडं यायच्या होत्या, अकरावीला इथं घालायचं होतं. तिघं राहू का, असं काकांना विचारायचं होतं. खुर्च्या उचलताना तेच डोक्यात.

संध्याकाळी काकांनी आत बोलावलं. दिवाणखान्यात. पहिल्यांदा मला खुर्ची दिली. समोर काका, शेजारी पुतण्या, पुतण्याचे दोन दोस्त. पुतण्याच्या कमरेला पिस्तूल असतं. परवाना आहे म्हणतात, असेलही. त्याच्याबरोबर मी एकदा हॉटेलात गेलो होतो, काकांचं सामान न्यायला. शर्ट वर झाला, पिस्तूल दिसलं, तर वेटरनं आधी त्याचं टेबल पुसलं. कुणी किंचाळलं नाही.

पुतण्या म्हणाला, “मामा, परवा वरातीत घोड्याच्या पुढं तुम्ही. फेटा आम्ही देतो. बंदूक खांद्यावर. एकदम आजोबांच्या फोटोसारखं पाहिजे.”

मी फोटोकडं बघितलं.

“आणि चौकात दोन बार काढायचे. तुम्ही नाही, मी काढतो. तुम्ही फक्त भरून द्या.”

“तसं जमत नाय भैय्या,” मी म्हणालो.

“का? मशीन जाम झालं का?” दोस्त हसले.

“परवाना माझ्या नावावर हाय. दुसऱ्याच्या हातात देता येत नाय. वरातीत बार काढणं गुन्हा हाय. वर गेलेली गोळी कुठंतरी खालीच येते. तुमच्याकडं तुमचं हाय की.”

“माझ्यातनं काढला तर माझा परवाना जाईल ना,” तो म्हणाला. अगदी सरळ. सोन्याची किंमत सांगावी तसं.

काका हसत म्हणाले, “अरे, पोलिसांचं आम्ही बघून घेऊ. घरचं लग्न आहे. तुला परकं मानलं का आम्ही कधी?”

माझी मान हलणारच होती. खरं सांगतो. व्हय म्हणायची इतकी सवय झाली होती. खोली, पत्ता, पोरगी, सगळं डोळ्यापुढं आलं. तेवढ्यात दार उघडून शेजारच्या खोलीतला भाडेकरू आत आला. कंपनीतला पोरगा, माझ्यानंतर दोन वर्षांनी आलेला. “काका, पेढे?” म्हणत पुढच्या दारानं आला, दोन पेढे घेतले आणि आतल्या जिन्यानं वर गेला.

आतल्या जिन्यानं.

तो जिना माझ्याही खोलीशी जातो. तीन वर्षांत मी त्यावर पाय ठेवला नव्हता. मागचा जिना बंदुकीमुळं, असं मी धरून चाललो होतो. मग सुट्टीच्या दिवशी, बंदूक वर पेटीत असताना, हातात नुसती मेथीची जुडी असताना, मी मागून का जात होतो? कुणी सांगितलं नव्हतं. काकांनी पहिल्या दिवशी आडनाव ऐकून “जिना मागून आहे” म्हणलं, आणि ते मी हुकूम म्हणून पाळत आलो होतो. तेव्हा तर बंदूक अजून गावालाच होती; खोली मिळाल्यावर मी ती आणली.

मग बसही समजली. लोक बंदुकीला भितात, ते मला पटतं. मीही भितो. भितो म्हणून तर रोज दोनदा नळी मोडून बघतो. पण त्या इस्त्रीवाल्यानं बंदुकीला काही म्हणलं नव्हतं. तो म्हणाला होता, असल्या लोकांना. आजोबांच्या गुडघ्यात ती दरारा होती, पुतण्याच्या कमरेला ती शान होती. माझ्या खांद्यावर आली की चोरीची. आणि परवा पुन्हा शान होणार होती, एका दिवसापुरती, त्यांच्या फेट्याखाली.

मी उभा राहिलो.  

“काका, तीन वर्षं मी ही सतरंजीत गुंडाळून आणली. गल्लीतले लोक बघतील म्हणून. परवा गल्ली आंधळी होणार हाय का?”

 मग पुतण्या बोलला. “असल्या माणसाला घरात घेतलंच कशाला काका तुम्ही?”

काका फोटोकडं बघत म्हणाले, “लग्न होऊन जाऊ दे. मग तू दुसरीकडं बघ.”

मी हात जोडले नाहीत. मुद्दाम सांगतो. हात वर यायला निघाले होते, मी ते खिशात घातले.

काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांना सगळं ऐकू आलं होतं. त्या आत वळल्या. त्यांच्या खिचडीचं ऋण माझ्यावर आहे आणि राहील. पण खिचडीच्या बदल्यात परवाना देता येत नाही.

वरातीच्या सकाळीच मी खोली सोडली. लोखंडी पेटी, गादी, भिंतीवरचा निळ्या कोटातला फोटो. फोटो आधी काढला, पिशवीत सगळ्यात वर ठेवला. मग पेटीतून बंदूक काढली. मोडून बघितली, रिकामी. खाकी खोळीत घातली, चेन लावली, खांद्याला अडकवली. सतरंजीची घडी करून खोलीतच ठेवली.

आणि आतल्या जिन्यानं उतरलो.

दिवाणखाना पाहुण्यांनी भरलेला. फेटे, अत्तर, चहाचे कप. मी मधून चाललो.  एका म्हाताऱ्यानं विचारलं, “हा कोण?” काकांनी चहाचा कप उचलला. मीच म्हणालो, “भाडेकरू. वरच्या खोलीतला.” पुढचं दार ओलांडलं, पुढचं फाटक उघडलं, भर गल्लीतून चाललो. गिरणीपाशी एका पोरानं विचारलं, “मामा, आज सतरंजी नाय?”

“नाय,” म्हणालो.

सध्या बँकेतल्या एका सफाई कामगाराकडं वाळूजला पथारी टाकली आहे. त्याच्या घरात आधीच पाच माणसं. परवान्यावरचा पत्ता बदलायचा आहे, त्याला करार पाहिजे, कराराला खोली पाहिजे. रात्री झोप लागत नाही, हे लपवत नाही. मी मुळातच भित्रा माणूस आहे. ड्युटी सुटली की खोली बघत फिरतो. दारात उभं राहून पहिलं वाक्य हेच बोलतो, “माझ्याकडं परवान्याची बंदूक हाय. रोज नेणार, रोज आणणार.” मग आडनाव सांगतो. विचारायच्या आधी. आतापर्यंत चार ठिकाणी नाही म्हणाले. एकजण म्हणाला, “देतो, पण गुंडाळून आणत जा.” त्याला मीच नाही म्हणालो.

खोली बघायला शहरात बसनंच जातो. गळ्यातलं कार्ड काढून टाकलं. मूळ परवाना शर्टाच्या आतल्या खिशात असतो. पोलिसानं मागितला तर दाखवीन. बाकी कुणालाही नाही. परवा एका माणसानं विचारलंच, भरलेली आहे का? मी नाही म्हणालो. कशावरून, म्हणाला. मी खिडकीबाहेर बघत बसलो. कंडक्टर आला, तिकीट बघितलं, गेला.

पोरीचा फोन येतो. “आबा, खोली मिळाली का?”

नाय मिळाली, म्हणतो. निकालाला अजून वेळ आहे. मिळेल का, ते मला माहीत नाही. तिला एवढंच सांगितलंय, घेईन ती पुढच्या दाराची घेईन. नाही मिळाली तर रस्त्यावर बंदूक खांद्याला अडकवून उभा राहीन. पण मागच्या बोळातून तुला घरात नेणार नाही.