दुसऱ्या खात्याचं व्याज

काल शाळेच्या बाबूने फॉर्म सोळा हातात दिला. नुकताच प्रिंटरमधून निघालेला तो कागद अजून कोमट होता, आणि त्या उबेसरशी मला तुमसरच्या टॅक्सवाल्या काकांची खोली आठवली.

सिहोऱ्याच्या शाळेत लागून मला तेव्हा तीन वर्षं झाली होती. रिटर्न भरायला नवरा सोबत आला होता. खोली इतकी अरुंद, की माझी खुर्ची भिंतीला टेकलेली आणि दाराच्या बाजूला त्याचे गुडघे. कूलरची ओलसर हवा माझ्यापर्यंत पोचतच नव्हती.

काकांनी स्क्रीनवरून नजर न काढता विचारलं, "म्याडम, हे व्याज कोणत्या खात्याचं होय? तुमी तं एकच खातं सांगतलं."

ते खातं मी करडी गावातल्या माझ्या आईच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी गुपचूप उघडलं होतं. माहेरी पैसे गेलेले आमच्या घरात चालत नसत. उठून जावं तर वाट नव्हती.

"माझंच आहे. आईसाठी," मी म्हणाले.

"मले काहून नाही सांगतलं?" नवऱ्याने हळूच विचारलं.

"चुकलं."

काका टाइप करत म्हणाले, "सरकारले तं दिसूनच राहिलं भाऊ. म्याडमनं लपवलं कुठं?"

 त्याच हिवाळ्यात ऑपरेशन झालं, आणि आईला दवाखान्यात न्यायला नवराच आला. तेव्हा वाटलं होतं, सुटले. आज वाटतं, माझ्याच पगारातून आईसाठी पैसे ठेवले म्हणून मी "चुकलं" म्हणाले होते, आणि त्या खोलीत ते मलासुद्धा खटकलं नव्हतं.