गट 'ब'नं काहीच करायचं नाही

आमच्या क्षेत्रात मोजल्याशिवाय काही बोलायचं नाही, असा दंडक आहे. पण मोजायला गेलं की निष्कर्ष निघतो एखादा आणि किस्से निघतात ढीगभर! निष्कर्ष प्रबंधात बांधून ग्रंथालयात जातात, तिथं त्यांना कुणी हात लावत नाही. किस्से मात्र आमच्याकडेच राहतात. आम्ही म्हणजे शारीरिक शिक्षणात पीएचडी करणारी मंडळी. दर शनिवारी नाशिकच्या आमच्या संशोधन केंद्रावर जमतो, चहा पितो आणि संशोधन सोडून सगळ्यावर बोलतो. माझी स्वतःची पीएचडी चालू आहे. चालू म्हणजे रद्द झालेली नाही, एवढंच.

*

आमचे गाईड शेवाळेसर. व्यायामाच्या फायद्यांवर त्यांनी इतकं लिहिलंय की ते वाचण्यापेक्षा व्यायाम केलेला परवडतो.

केंद्र पहिल्या मजल्यावर आहे. सर लिफ्टनं येतात. एकदा लिफ्ट बंद पडली, तर सरांनी पार्किंगमध्येच वॉचमनच्या खुर्चीत बसून सगळ्यांना खाली बोलावलं. चर्चेचा विषय होता, बैठ्या जीवनशैलीचे दुष्परिणाम!

मला राहवलं नाही. म्हटलं, "सर, एकच तर जिना आहे."

सर शांतपणे म्हणाले, "हे बघ, तंदुरुस्ती हा माझा विषय आहे. छंद नाही."

*

घोटीच्या जाधवला प्रबंधाची भारी घाई. निफाडच्या शाळकरी मुलांवरचा एक जुना प्रबंध त्यानं मिळवला आणि कॉम्प्युटरवर सगळीकडे 'निफाड'चं 'घोटी' करून टाकलं. कॉम्प्युटर इमानदार, त्यानं एकही जागा सोडली नाही.

सरांनी प्रकरण उघडलं. घोटीची मुलं शाळेत येता येता द्राक्षबागेतून घोस तोडून खात होती आणि त्यामुळे त्यांची ताकद वाढत होती!

"जाधव, घोटीला सगळा भात. ही द्राक्षं कुठून उगवली?"

जाधव जागचा हलला नाही. "सर, हवामानबदल!"

सरांनी क्षणभर विचार केला. "मग तो स्वतंत्र विषय होतो. यात नको घेऊस."

*

माझा विषय म्हणजे सामन्याआधी खेळाडूंना येणारं टेन्शन. ओझरच्या एका कबड्डी संघाला मी प्रश्नावली वाटली आणि पाणी प्यायला बाहेर गेलो. परत येतो तर सगळे एकमेकांच्या कागदात डोकं घालून बसलेले!

"अरे, बघून काय लिहिता? ही परीक्षा नाही!"

कॅप्टन म्हणाला, "सर, मॅचचं टेन्शन नाय आपल्याला. पण तुमचा पेपर लय अवघड हाय. नापास झालो तर टीममधून काढणार का?"

सगळ्यांची उत्तरं शब्दाला शब्द एक आली. मी रडवेला होऊन कागद सरांपुढे ठेवले. सरांनी चाळले आणि माझी पाठ थोपटली. इतकी एकसारखी माहिती त्यांच्या अख्ख्या कारकिर्दीत कुणी आणली नव्हती म्हणे.

*

आमच्यात मनापासून काम करणारी एकच, संगीता मॅडम. निफाडकडच्या एका मुलींच्या शाळेत त्या कंत्राटावर खेळ शिकवतात. एका कॉलेजात कायमची जागा निघाली होती, पण तिथं पीएचडी हवी. त्यात शेवाळेसर रिटायर व्हायला आलेले. त्याआधी नाही झालं तर नवा गाईड, नवा विषय आणि पुन्हा श्रीगणेशा. त्यामुळे मॅडम शनिवारी चहासुद्धा उभ्यानंच प्यायच्या. आम्ही चेष्टा करायचो, पण त्यांचं व्हावं असं आम्हा सगळ्यांनाच मनापासून वाटायचं.

त्यांचा प्रयोग साधा होता. मुलींचे दोन गट करायचे. गट 'अ'नं रोज दोरीवरच्या उड्या मारायच्या. गट 'ब'नं काहीच करायचं नाही. प्रयोगाआधी आणि शेवटी दोन्ही गटांना पळवायचं आणि फरक बघायचा.

पालकांची परवानगी घ्यायला मॅडम घरोघर फिरल्या. एक वडील बांधावर उभं राहून सगळं ऐकत होते. मग म्हणाले, "मॅडम, त्या दुसऱ्या गटात नेमकं काय करायचं असतं?"

"काहीच नाही."

"मग आमचीला त्याच्यात घाला. त्याच्यात ती लय हुशार हाय!"

*

प्रयोग झाला, निकाल आला. गट 'अ' असा काही पुढं गेला होता की शेवाळेसरांनी स्वतःच्या खिशातून पेढे मागवले. हे आम्ही आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

मग मौखिक परीक्षा. ती सगळ्यांना खुली असते आणि ऐकायला कुणी येत नाही. हॉल रिकामा दिसू नये म्हणून मॅडमनी शाळेतल्या मुलीच आणून बसवल्या. मुली युनिफॉर्ममध्ये, वेण्या घट्ट, एकदम शिस्तीत.

बाहेरगावचे परीक्षक पानं उलटत होते. एका पानावर थांबले.

"मॅडम, काही न करणारा माणूस आहे तिथंच राहतो. तुमचा गट 'ब' प्रयोगाआधी पळाला त्यापेक्षा नंतर हळू पळालाय. सगळ्याच्या सगळ्या मुली! हे कसं?"

मॅडम पानाकडे बघत राहिल्या. 'अ'च्या आनंदात 'ब'कडे कुणी बघितलंच नव्हतं, त्यांनी नाही, सरांनीही नाही.

परीक्षकांनी चष्मा काढला. "हे आकडे घरी बसून भरलेत का?"

मॅडमचा चेहरा पांढरा पडला.

मागच्या रांगेतून एक उंच, सडपातळ मुलगी उभी राहिली. गट 'ब'मधली निकिता.

"सर, मॅडमनी काय बी खोटं नाय भरलं. आम्हीच हळू पळालो. 'अ' गट पुढं गेला की मॅडमचं काम होतं, म्हणून सगळ्यांनी ठरवलं."

हॉलमध्ये एकच हशा पिकला! परीक्षकसुद्धा हसायला लागले. जाधवनं टेबलावर हात आपटला. शेवाळेसरांनी मात्र डोळे मिटून घेतले.

संगीता मॅडम हसल्या नाहीत. परीक्षकांकडे पाठ करून त्या निकिताकडे बघत होत्या.

"निकिता, अगं, त्याच पळण्यावरून मी तुला विभागीय स्पर्धेच्या टीममधून काढलं!"

"माहिती होतं मॅडम," निकिता म्हणाली. "टीम यावरूनच निवडणार, हे तुम्ही आदल्या दिवशीच सांगितलं होतं."