गाडीखाली बोलायचं नाही

ठोकळेकाकांचं खरं आडनाव गल्लीत कुणाला आठवत नाही. जॅकवर गाडी चढली की काका आधी तिच्याखाली दोन लोखंडी घोड्या लावणार, घोड्यांशेजारी लाकडी ठोकळे रचणार, आणि मग दोन्ही हातांनी गाडी गदागदा हलवून बघणार. हे सगळं झाल्याशिवाय बोटसुद्धा आत जायचं नाही. तेव्हा हे नाव पडलं ते पडलंच.

जुन्या गाड्या घरच्या घरी दुरुस्त करायच्या तर काय काय लागतं, असं विचारायला अधूनमधून कुणीतरी हौशी माणूस यायचा. त्याला वाटायचं, काका आता पान्यांचा सेट, नट फिरवायच्या गोट्या, पक्कड, हातोडी अशी लांबलचक यादी देतील. काका म्हणायचे, "आधी दोन घोड्या घे. पाने काय, उसने मिळतात. बरगड्या उसन्या मिळत नाहीत."

खरं सांगायचं तर काका भित्रे, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. उमेदीच्या वयात दुसऱ्याच्या गॅरेजात नोकरीला असताना त्यांनी एक गाडी जॅकवरून निसटताना पाहिली होती. खाली माणूस नव्हता, पत्र्याचा डबा होता. त्या डब्याचं काय झालं ते काका कुणाला सांगत नसत, पण तेव्हापासून त्यांनी स्वतःला इतके नियम लावून घेतले, की विचारता सोय नाही. त्यातलाच एक, गाडीखाली बोलायचं नाही. लक्ष उडतं. कुणी कितीही हाका मारल्या तरी काका खालून हूं की चूं करत नसत. काकूंचा निम्मा संसार काकांच्या बुटांशी बोलण्यात गेला, असं म्हटलं तरी चालेल.

त्या दिवशी सकाळचे अकरा वाजले असतील. घराला लागून असलेल्या गॅरेजात डॉक्टरीणबाईंची जुनी गाडी उभी होती. पुढच्या ब्रेकचं काम संपलं. काकांनी घोड्या काढून भिंतीशी ठेवल्या, ठोकळे उचलले. आता चाक बसवायचं आणि जॅक उतरवायचा, की झालं. तेवढ्यात दहा नंबरची गोटी दिसेना. गॅरेजातलं काही हरवायचं म्हटलं की पहिला मान हिचा. वाकून पाहिलं तर ही गोटीबाई गाडीखाली बरोबर मधोमध पडलेली. काकांनी हात घातला, पुरला नाही. खांदा घातला, तरी चार बोटं कमीच. मग ते पाठीवर सरकत पोटापर्यंत आत गेले. आपण नियम मोडतोय हे त्यांच्या मनातही आलं नाही. नियम कामासाठी होता, आणि हे काही काम नव्हतं, नुसतं उचलणं होतं.

गोटी हाताला लागली आणि शर्टाच्या बटणाला वरून काहीतरी टेकलं.

काकांनी वर पाहिलं. मघाशी छाती आणि गाडी यांच्यात वीतभर जागा होती, ती संपली होती. ज्या तेलाच्या दाबावर जॅक उभा राहतो, ते तेल सुटलं होतं. गाडी धाडकन पडत नव्हती, एखादं म्हातारं माणूस खुर्चीत बसतं तशी सावकाश बसत चालली होती. काकांनी टाचा रोवून बाहेर सरकायचा प्रयत्न केला, पण छाती आधीच धरली गेली होती. श्वास सोडला की छाती खाली जाई आणि तेवढी जागा गाडी घेई. पुढचा श्वास त्याहून लहान. "अगं" म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, पण ते त्यांचं त्यांनाही ऐकू आलं नाही.

दार वाजलं. काकूंच्या चपला आल्या आणि बुटांपाशी थांबल्या.

"अहो, ताईचा फोन आलाय. महिनाभर राहायला येऊ का विचारतेय. काय सांगू?"

काकांनी उजवा पाय हलवला. होता नव्हता तेवढा जीव लावून हलवला.

"पाय काय आपटताय? नको असेल तर नको म्हणा ना तोंडाने! माझी सख्खी बहीण आहे ती."

पाय पुन्हा हलला.

"कळलं," काकू म्हणाल्या. चपला वळल्या. दार लागलं.

घाबरलेला माणूस ओरडतो, धावतो, निदान धापा तरी टाकतो. इथे घाबरायलाही जागा नव्हती. ताई वर्षभर राहू दे, जन्मभर राहू दे, माझी खोली तिला दे, असं ते मनातल्या मनात ओरडत होते. कानात घूं घूं व्हायला लागलं. डोळ्यांपुढे तो डबा आला. आपल्याला हे कधीपासून माहीत होतं, आणि तरी आपण आत आलो, या विचाराने त्यांना रडू फुटलं आणि रडायला श्वास मिळेना.

दार पुन्हा उघडलं. आता चपला दाणदाण वाजत होत्या.

"आज तुमच्या तोंडावरच बोलते," असं म्हणत काकू गुडघ्यांवर बसल्या आणि त्यांनी खाली डोकावून पाहिलं. काकांचा चेहरा काळानिळा पडला होता.

काकूंनी किंचाळून जॅकचा दांडा धरला आणि वरखाली केला. गाडी हलली नाही. मग त्यांना एकदम आठवलं, गेल्या वर्षी रस्त्यात पंक्चर झालं होतं, तेव्हा काकांनी डिकीतला छोटा स्क्रूचा जॅक त्यांनाच फिरवायला लावला होता आणि त्यावरून घरी येईपर्यंत वाद झाला होता. त्यांनी डॉक्टरीणबाईंच्या डिकीतून तसाच जॅक काढला, दाराखालच्या खाचेत बसवला आणि फिरवायला लागल्या. "थांबा हं, थांबा हं," एवढंच त्या म्हणत होत्या. हात घसरत होता. गाडी केसाएवढी उचलली, मग बोटाएवढी. काकांनी घशातून घर्रर आवाज करत श्वास ओढला. काकूंनी घोडी खाली ढकलली आणि त्यांचे दोन्ही पाय धरून त्यांना बाहेर ओढलं.

दोघं भिंतीला टेकून फरशीवर बसली. बराच वेळ काकांना नुसता श्वासच घ्यायचा होता.

"तुला कळलं कसं?" त्यांनी शेवटी विचारलं.

"मला कुठलं कळतंय! भांडायला आले होते मी," काकू म्हणाल्या. "तीस वर्षं तुम्ही खालून गप्प बसता आणि मी मुकाट्याने परत जाते. आज ओट्यापर्यंत गेले आणि म्हटलं, आज नाही सोडायचं."

"आणि हेच काल झालं असतं तर?"

"काल गेलेच की निघून," काकू म्हणाल्या, आणि आपण काय बोललो ते कळून त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

काकांनी त्यांच्या पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं. गाडीखाली होते तेव्हासुद्धा ते एवढे घाबरले नव्हते.