बारकीचं वय

माझ्या गळ्याजवळचं हाड मोडलं ते १९८६ च्या डिसेंबरात, तलासरीच्या मैदानावर, कबड्डी खेळताना. ते दीड महिन्यात सांधलं. पण त्या हाडाचं निमित्त करून एका मुलीचं जे वाटोळं केलं गेलं, ते आठवलं की अजून माझं डोकं तापतं.

ती मुलगी म्हणजे बारकी. वेवजीच्या एका पाड्यावरची. चार भावंडांतली शेवटची म्हणून नाव बारकी ठेवलं. पुढे ती केवढी होणार हे तेव्हा कुणाला ठाऊक असणार? सातवीत ती उंचीने तिच्या गुरुजींच्या कानापर्यंत पोचत होती. खांदे रुंद, तळहात मोठे, आवाज मात्र लहान मुलीचा. आश्रमशाळेत गणवेशाचं कापड प्रत्येकीला सारखंच यायचं. तिला ते पुरायचं नाही, म्हणून तिच्या निळ्या फ्रॉकला खाली वीतभर वेगळ्या निळ्याची पट्टी जोडलेली असायची.

मी डहाणू रोडची, मुक्ता. वडील रेल्वेत, स्टेशनवरच्या पार्सल ऑफिसात. आमच्या शाळेत खेळ शिकवायचे ते सर सगळ्या गावाचे अण्णा. डहाणू आणि तलासरी या दोन्ही तालुक्यांतल्या शाळांच्या मिळून ज्या स्पर्धा भरायच्या, त्यांच्या समितीचे सचिवही अण्णाच. चौदा वर्षांखालच्या मुलींमध्ये आमची शाळा ओळीने तीन वर्षं जिंकून ठाण्याला, जिल्ह्याच्या स्पर्धेला गेली होती. चौथ्या वर्षी बारकी आली.

तिला रविंद्र गुरुजींनी तयार केलं होतं. आश्रमशाळेतला हा तरुण शिक्षक स्वतः चांगला खेळलेला होता. एवढ्या अंगाच्या मुलीला बारीक पोरींत सोडायचं तर आधी तिला आवरायला शिकवलं पाहिजे, हे त्याला कळत होतं. त्याने तिला पहिल्या दिवसापासून बजावलं होतं की चढाईत हात लावायचा आणि परत यायचं, कुणाला फरफटत न्यायचं नाही. पकड करताना कमरेला धरायचं, वर लोटायचं नाही. आणि बारकी तशीच खेळायची. तिच्या हाताला कुणी लागलं तर चढाई संपल्यावर मागे वळून बघायची.

आमच्याशी तिचा सामना मंगळवारी होता. मी डाव्या कोपऱ्यात उभी. बारकी चढाईला आली, आणि मी तिच्या घोट्यावर झेप घेतली. ती मला लोंबकळत ठेवून सहज मध्यरेषेपर्यंत गेली असती. पोरी जातातच तसं. पण मी तिच्या पायाखाली आले होते. ती जागच्या जागी थांबली. दम सुटला, ती बाद झाली. त्याच क्षणी आमची कॅप्टन शितल दुसऱ्या बाजूने उडी मारून आली, आणि तिचा गुडघा माझ्या गळ्याशी बसला. हाड मोडल्याचा आवाज मला स्वतःला ऐकू आला. मला शितलच्या खालून ओढून काढलं ते बारकीने. तिने मला उचलून कडेला नेलं आणि घाबरून रविंद्र गुरुजींना हाका मारत राहिली.

झालं ते एवढंच.

पण अण्णा धावत आले ते माझ्याकडे न बघता बारकीकडे बोट दाखवतच. ही मुलगी चौदाच्या आतली असूच शकत नाही, असं त्यांनी पंचांसमोर सांगितलं. हिचं लग्न झालेलं असेल, असंही म्हणाले, आणि आजूबाजूचे शिक्षक हसले. तेरा वर्षांच्या मुलीबद्दल, तिच्यासमोर! रविंद्र गुरुजींनी शाळेचा दाखला पुढे केला. त्यावर जन्मतारीख एक जून होती. आश्रमशाळेतल्या निम्म्या मुलांची तीच असते, कारण पाड्यावर जन्मलेल्या पोराची नोंद कोण करतो? अण्णांनी दाखला परत दिला. असल्या कागदाला काही अर्थ नाही म्हणाले. मग त्यांनी बारकीला तोंड उघडायला लावलं. अक्कलदाढ आली आहे का ते बघायचं होतं. भर मैदानात, दोनशे पोरांच्या देखत, तिची हनुवटी धरून, मान वर करून अण्णा तिचे दात मोजू लागले.

बारकीची आई ठकी लेकीचा खेळ बघायला वेवजीहून चालत आली होती. ती गर्दीतून पुढे झाली. काटकुळी बाई, लेकीच्या खांद्याइतकी. तिने अण्णांचा हात हनुवटीवरून बाजूला केला.

"गुरुजी, बैल घ्यायचाय का तुम्हाला?"

कुणी हसलं नाही. मग ठकीने शांतपणे सांगितलं की बारकी भातकापणीत झाली, त्याच आठवड्यात शेजारच्या घरी सुक्या झाला, आणि तो पाहा सुक्या उभा आहे, तिच्याच वर्गात आहे. सुक्या मुलांच्या संघात होता. हडकुळा, जेमतेम नऊ-दहा वर्षांचा वाटेल असा. त्याचाही जन्म एक जूनचाच लिहिलेला. त्याचे दात कुणी मोजले नाहीत.

मी बाकावर बसले होते, हात टॉवेलने गळ्यात बांधलेला. मी अण्णांना म्हटलं, "सर, ती माझ्यावर पडलीच नाही. शितल पडली."

"तू गप्प बस. तुला लागलंय," अण्णा म्हणाले.

जिला लागलं तिनेच बोलायचं नाही, हा न्याय मी तिथे पहिल्यांदा पाहिला. संध्याकाळी अण्णांकडून घरी तक्रारीचा कागद आला, बारकीने माझं हाड मोडलं असा. त्यावर माझ्या वडिलांनी सही केली. ते मैदानावर नव्हते. मी त्यांनाही सांगितलं, आईलाही सांगितलं. आईचं म्हणणं एकच होतं की एवढ्या थोराड मुलीला तुमच्यात खेळवतातच कशाला, उद्या कुणाची मान मोडेल. आईची भीती खोटी नव्हती. चाळीस किलोच्या पोरीवर साठ किलोची पोर पडली तर लागणारच, हे मलाही कळतं. त्यासाठी वजनाचे गट करा, मैदानावर काटा आणा, सगळ्यांना त्यावर चढवा, आणि मोठ्या मुलीला सरळ सांगा की बाई, तू जड आहेस, तू त्या गटात खेळ. त्यात कुणाचा अपमान नाही. पण नियम वयाचा ठेवायचा, शिक्षा अंगाची द्यायची, आणि वर तिलाच खोटारडी ठरवायचं, हे कुठलं शहाणपण?

आणि खोटं होतं ते आमच्याच संघात. शितल पंधरा पूर्ण होती. आधी गुजरातीत शिकली, तिकडे दोनदा नापास झाली, मग आमच्या शाळेत नाव घालताना तिची तारीख दीड वर्षाने पुढे सरकवली. सगळ्या संघाला ठाऊक होतं. तिच्या पंधराव्या वाढदिवसाचे पेढे आम्ही खाल्ले होते. पण शितल चणीने लहान, बारकीच्या खांद्यालाही न लागणारी. तिच्याकडे बघून कुणाला शंका आली नाही. आणि मी ते बोलले नाही. तेवढं धैर्य मला नव्हतं. या सगळ्या गोष्टीतला राग मी दुसऱ्यांवर काढते, पण त्यातला एक वाटा माझा आहे.

बुधवारी बारकीला डहाणूला नेऊन हाडांवरून वय ठरवायला डॉक्टरांकडून मनगटाचा एक्स-रे फोटो काढला. डॉक्टरांचा दाखला येईपर्यंत तिने खेळायचं नाही, असं समितीने ठरवलं. अंतिम सामना रविवारी होता, पुन्हा आमचा आणि तिच्याच शाळेचा. तोवर दाखला आला नाही, असं अण्णांनी सांगितलं, आणि सामन्याआधी लाउडस्पीकरवरून पुकारलं गेलं की वेवजीची खेळाडू बारकी हिला वय जास्त असल्याच्या कारणावरून वगळण्यात येत आहे. 'संशय' हा शब्दसुद्धा वापरला नाही. ती रेषेबाहेर मातीत बसून होती. आम्ही जिंकलो. शितलने ढाल घेतली.

जूनमध्ये बारकी शाळेत परत गेली नाही. रविंद्र गुरुजी दोनदा पाड्यावर जाऊन आले. ठकीने त्यांना चहा दिला आणि पोरगी चिकूच्या वाडीत कामाला लागल्याचं सांगितलं. हे मला पुष्कळ नंतर कळलं.

१९९३ साली मी डी.एड. होऊन तलासरी तालुक्यात शिक्षिका झाले, आणि मैदानाची कामं नव्या माणसाच्या गळ्यात पडतात तशी स्पर्धा समितीची कामं माझ्याकडे आली. अण्णा आता समितीचे अध्यक्ष होते. जुन्या फायली लावायला त्यांनी मला कपाटाची किल्ली दिली. काय ठेवलंय ते स्वतः विसरले असावेत. १९८६ च्या फायलीत डॉक्टरांचा दाखला होता. वय तेरा पूर्ण, चौदाच्या आत. त्यावर आवक शिक्का शुक्रवारचा होता. अंतिम सामन्याच्या दोन दिवस आधीचा.

मी तो कागद फायलीतून काढला आणि माझ्या पिशवीत घातला.

बारकीचा पत्ता रविंद्र गुरुजींनी दिला. ती तारापूरच्या एका कारखान्यात पॅकिंगला होती आणि चिंचणीला दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहत होती. रविवारी मी गेले. दारात बोंबील वाळत घातलेले, आणि ती उंबऱ्यावर बसून तांदूळ निवडत होती. मी ओळख सांगितली, तर तिने पहिल्यांदा माझ्या खांद्याकडे बघितलं आणि आता दुखतं का विचारलं. मग मला ती 'बाई' म्हणू लागली. आम्ही एकाच वयाच्या. मला ते फार लागलं, पण शिक्षिका म्हटल्यावर तिच्या तोंडून दुसरं काही निघेना.

तिच्या मैत्रिणीने सांगितलं की कारखान्यात सुपरवायझर बारकीला पुरुषांच्या बरोबरीने ड्रम उचलायला लावायचा. बारकीने एक दिवस ड्रम खाली ठेवला आणि त्याला म्हणाली, अंग बघून काम देता आणि बाई बघून पगार, यातलं एक काहीतरी ठरवा. तेव्हापासून ती पॅकिंगवरच आहे. बारकी हे ऐकून तांदळातच बघत राहिली.

मी कागद दिला. तिने तो सावकाश, ओठ हलवत वाचला. तारखेवर बोट ठेवून मला विचारलं, हा शुक्रवार म्हणजे आधीचाच ना? मी हो म्हटलं. शितलचंही सांगितलं, पेढ्यांचंही. कबड्डी पुन्हा खेळलीस का, असं मी विचारलं. नाही म्हणाली. पाड्यावरच्या पोरींनी बोलावलं तरी ती गेली नव्हती. मग तिने कागद परत माझ्या हातात दिला.

"खेळाचं जाऊ द्या, बाई. माझं नाव भोंग्यावर घेतलं होतं. हा कागद पण भोंग्यावर वाचा."

मी समितीच्या बैठकीत तशी मागणी केली. अण्णा म्हणाले, जुनी मढी उकरून काय मिळणार, मुलगी आता कुठे खेळते आहे? बाकीचे चहा पीत राहिले. मागणी इतिवृत्तात लिहिलीसुद्धा गेली नाही.

म्हणून डिसेंबरात, बक्षीस समारंभाला, आभार मानायची पाळी माझी आली तेव्हा मी आभार मानले नाहीत. मी दाखला काढला आणि माइकवर वाचायला सुरुवात केली. नाव, गाव, तपासणीचा दिवस. वय वाचायच्या आत अण्णांनी माइकवाल्याला खूण केली आणि आवाज बंद झाला. मी माइक सोडून मंचाच्या कडेला आले आणि ओरडून वाचलं. तेरा पूर्ण, चौदाच्या आत. शिक्का शुक्रवारचा. सामना रविवारचा. घसा फाटला माझा, पण शेवटपर्यंत वाचलं. मागच्यांना ऐकू गेलं नसेल. पुढच्या चार रांगांना गेलं. रविंद्र गुरुजी उभे राहिले होते. बारकी सुट्टी काढून आली होती, ठकीला घेऊन. बाजूला झाडाखाली दोघी उभ्या होत्या. संपल्यावर मी तिच्याकडे गेले, तर ती एवढंच म्हणाली की दुपारची बस गेली तर रात्रपाळी बुडेल. आणि जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला, अगदी हलका.

मला कारणे दाखवा नोटीस आली. उत्तरात मी दाखल्याची नक्कल जोडली. पुढे त्यावर कुणी काही विचारलं नाही. अण्णांनी प्रकृतीच्या कारणावरून अध्यक्षपद सोडलं, त्यांना शालही मिळाली. ही चीड माझ्या मनातून गेलेली नाही, जाऊही नये.

गेल्या वर्षी, १९९६ ला, झाईचा देवेश नावाचा एक मुलगा तिथल्या शाळेच्या संघातून स्पर्धेला आला. मासेमाराचा पोरगा, बारा वर्षांचा, दाराच्या चौकटीएवढा. समोरच्या शाळेच्या सरांनी लगेच त्याचे कागद मागितले. तो मुलगा आपले हात पाठीमागे लपवून उभा राहिला. मी समितीच्या टेबलाशी जाऊन बसले आणि म्हटलं, कागद बघू या, पण दोन्ही संघांच्या सगळ्या मुलांचे, एकेकाचे, आणि काटाही आणा. सरांनी वाद घातला. मी उठले नाही. सामना दीड तास उशिरा सुरू झाला. उन्हात ताटकळलेले लोक मला शिव्या देत होते. देऊ देत.