फसली तेराशे पंचेचाळीस

सोमवार, १२ जानेवारी, सकाळचे दहा वाजून वीस मिनिटे. माझ्या व्याह्यांइतका चिवट माणूस साऱ्या मराठवाड्यात नाही, हे त्या वेळेपासून मी लेखी द्यायला तयार आहे. उदगीरच्या ज्या वाचनालयात त्यांनी नोकरी केली, तिथे निवृत्तीनंतरही ते रोज जातात. लोक वर्तमानपत्र चाळून उठतात. पुस्तक कोणी मागत नाही. म्हणून त्यांनी कपाटातली सगळी कार्डे संगणकावर चढवली, प्रत्येक लेखकाला आणि पुस्तकाला इंटरनेटवर कायमचा पत्ता दिला, तो इतर ग्रंथालयांच्या याद्यांशी जोडला आणि यादी सर्वांना खुली केली. "पुस्तक इथं हाय हे कुणाला कळलंच न्हाई, तर त्याचं असून काय उपयोग, इवाई?" हे मी कित्येक वर्षे ऐकत आलो आहे.

एका नावाची दोन माणसे त्यांना खपत नाहीत. मुलांच्या लग्नात पाहुण्यांच्या यादीत चार बाबूराव निघाले, तेव्हा त्यांनी सगळ्याच पत्रिकांवर क्रमांक घातले. त्यांतले एक, माझे मेहुणे, त्यांच्या लेखी आजही एकशे चार आहेत. "एकशे चार, तब्येत बरी ना?" असे ते भर मांडवात विचारतात. मेहुण्यांनी बोलणे सोडले आहे. व्याह्यांच्या ते अजून लक्षात आलेले नाही.

त्या सोमवारी मी लातूरहून गेलो होतो. पोहोचताच त्यांनी मला संगणकासमोर बसवले. परदेशातल्या एका अभ्यासकाचे पत्र आले होते. देवणी जातीच्या जनावरांच्या निगेवरचे, सन १३४५ चे पुस्तक त्याला पाहायचे होते. इतक्या जुन्या पुस्तकाबद्दल त्याने कधी ऐकले नव्हते.

"आलं, इवाई! कुणीतरी मागायलंय!"

मी मूळ कार्ड मागितले. ते निजामाच्या काळातले होते आणि त्यावरचे वर्ष फसली, म्हणजे तेव्हाच्या महसुली कालगणनेतले होते. इसवी सन काढायला त्यात पाचशे नव्वद मिळवायचे राहून गेले होते. पुस्तक १९३५ चे.

"दुरुस्त करा," मी म्हणालो.

"दोन दिवस राहू द्या की. पहिलंच पत्र हाय."

"यादी खुली आहे. चूकही खुलीच फिरणार."

"लई कडक माणूस तुम्ही," ते म्हणाले. मग त्यांनी वर्ष बदलले आणि अभ्यासकाला तसे कळवले. चार वाजता उत्तर आले: आभार, आता गरज नाही.

"सभ्य माणूस हाय. आभार तरी मानले," व्याही म्हणाले. माझे म्हणणे बरोबर होते. ते मला त्या वेळी आवडले नाही, एवढेच नोंदवतो.

थोड्या वेळाने त्यांनी ते पुस्तक काढले, खिडकीपाशी टेबलावर ठेवले आणि मोबाइलवर पहिल्या पानाचा फोटो घेतला.

"आता कोणासाठी?" मी विचारले.

"मागंल कुणीतरी. तवर तयार असावं."

पाने फडफडत होती. मी चष्मा पुसला, खुर्ची ओढली आणि शेवटच्या पानापर्यंत दोन्ही कडा बोटांनी दाबून धरल्या.